नऊ वस्तूंची यादी आणि कपाटातला टॅब

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका काकूंनी लिहिलंय, नाव-गाव देत नाही. झेडपीच्या शाळेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता भजनी मंडळात पेटी वाजवतात. पुण्यातल्या मुलाने दिवाळीत सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस घेऊन दिला, ६४ जीबीचा, सिमशिवाय, नुसता वायफायवाला. त्यावर भजनाची वही आणायची, पेपर वाचायचा, नातीशी बोलायचं आणि जमलं तर शाळेच्या आठवणी लिहायच्या असं ठरलं होतं. प्रत्यक्षात टॅब कपाटात. "टच मला जमतच नाही, दाबावं एक आणि उघडतं भलतंच, धरून हात भरून येतो, चार्जिंगला अख्खी रात्र जाते आणि लाईट गेली की सगळंच बंद." आता मुलाने नऊ वस्तूंची यादी पाठवलीय: कव्हर, पडद्यावर लावायची काच, पेन, कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा हब, मेमरी कार्ड, ब्लूटूथ स्पीकर, पॉवर बँक आणि पायाने पान उलटायचं पेडल. काका म्हणतात आहे तेच वापरत नाहीस, त्यावर आणि कशाला पैसे घालता. काकूंचा प्रश्न, यातलं काय घेऊ? आणि नको म्हटलं तर पोराला वाईट वाटेल, त्याचं काय?

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना यादी बाजूला ठेवून फक्त तुमच्या तक्रारी एका कागदावर उतरवल्या. टच, हात, चार्जिंग, लाईट. चार. मग त्या चार तक्रारींसमोर मुलाच्या नऊ वस्तू लिहून बघितल्या तर गंमत अशी की त्या नऊतली एकही वस्तू या चारपैकी एकाही तक्रारीवर सरळ उतारा नाहीये. यादी वाईट नाहीये हो, पोराने प्रेमानेच केलीय, पण ती त्याच्या कामाच्या सवयीवरनं केलीय, लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या माणसाला टॅबचा लॅपटॉपच करावासा वाटतो. तुम्हाला टॅबची वही करायचीय. त्यामुळे काका म्हणतात तसं "काहीच नको" हेही मला पटत नाही आणि "सगळंच मागव" हेही नाही.

आधी ते "मला जमत नाही" बघू, कारण सगळं पत्र त्या वाक्यावर उभं आहे. काकू, तुम्ही तीसेक वर्षं चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय, काचेच्या पाटीला कशाला घाबरताय. टॅबच्या पडद्याला दाब कळत नाही, बोटाच्या कातडीतून जो विजेचा हलकासा फरक पडतो तो कळतो. वय वाढतं तसं बोटांची टोकं कोरडी होतात, त्यात दिवसभर भांड्यांचा साबण आणि पिठाचा हात, मग पडद्याला बोट आलंय हेच धड समजत नाही, म्हणून आपण जोरात दाबतो, जास्त वेळ दाबून धरतो, आणि टॅबला वाटतं या बाईंना दाबून धरल्यावर येणारा दुसरा मेनू हवाय. तेच तुमचं "भलतंच उघडतं". माझ्या सासूबाईंचं अगदी हेच व्हायचं, आम्ही सहा महिने त्यांना "हळू दाबा, हळू दाबा" सांगत बसलो होतो, आता आठवलं की लाज वाटते.

यावर उपाय दोन आहेत आणि एक फुकट आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे टच अँड होल्ड डिले असं असतं, म्हणजे किती वेळ बोट ठेवलं की ते "दाबून धरणं" मानायचं, ते जास्तीत जास्त लांब करून ठेवा. दुसरा उपाय म्हणजे दोन-अडीचशेला मिळणारी रबरी टोकाची साधी काडी, मोबाईलच्या दुकानात टच पेन म्हणून मागा. तिला बॅटरी नाही, जोडाजोडी नाही, कोरडं बोट असो की कणकेचा हात, ती चालते. अक्षरं मोठी करायची सोयही सेटिंग्जमध्येच, डिस्प्लेमध्ये आहे, ती केली नसेल तर आजच करा.

आता यादीतलं पेन. हे मात्र मागवू देऊ नका, आणि मागवून झालं असेल तर परत करायला सांगा. सॅमसंगचं जे एस पेन म्हणतात ते चालायला टॅबच्या पडद्याखाली एक वेगळा थर लागतो, तो तुमच्या ए९ प्लसमध्ये नाहीच. एस पेन कितीही महागाचं आणा, ते त्या पडद्यावर लाकडाच्या काडीसारखं फिरेल. टॅब एस६ लाइट किंवा एस९ एफई घेतला तर पेन डब्यातच येतं आणि लिहिण्यासाठी त्याला चार्जिंगसुद्धा लागत नाही, पण तो वेगळा टॅब झाला. आयपॅडवाल्यांनीही इथे जरा थांबावं, कारण तिकडे तर घोळ आणखी मोठा आहे. २०२१ च्या नवव्या पिढीच्या आयपॅडला ॲपलचं यूएसबी-सीवालं पेन्सिल चालत नाही, पहिल्या पिढीचंच लागतं, २०२२ च्या दहाव्याला ही दोन्ही चालतात पण जुन्याला वर एक छोटा जोड घ्यावा लागतो, आणि यूएसबी-सीवाल्याला हाताचा दाब कळत नाही, म्हणजे सुलेखन-चित्रकला करणाऱ्याला ते अपुरं पडतं. पेन्सिल प्रो तर साध्या आयपॅडला चालतच नाही. तेव्हा कुठलंही पेन घ्यायच्या आधी आपल्या टॅबचं नेमकं नाव बघायचं.

तुम्ही लिहिलंय की नोटेशन हाताने लिहायला पेन लागेल. मग रबरी काडीने लिहिता येईल का? खरं सांगू, नाही. शुभेच्छा लिहाल, वाणसामानाची यादी लिहाल. पण नोटेशनमध्ये मंद्राच्या स्वराला खाली टिंब, तारच्या स्वराला वर टिंब, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ, एवढंसं टिंब इकडचं तिकडे झालं की अख्खं सप्तक बदललं. जाड रबरी टोकाने लिहिताना टिंब नेमकं कुठे पडेल ते दिसत नाही, वर लिहिताना तळहात पडद्यावर टेकला की टॅब त्यालाही बोटच समजतो आणि मध्येच एक रेघोटी. तुमची वही आहे ना, तुमचं अक्षर आहे ना, मग वहीतच लिहा आणि पान स्कॅन करा. मोबाईलमध्ये गूगल ड्राइव्ह उघडलं की स्कॅनची सोय आहे, ते पान सरळ करतं, सावली घालवतं आणि पीडीएफ करतं. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात करा, ट्यूबखाली करू नका, आपलीच सावली पडते. एका भजनाचं एक पीडीएफ आणि नाव भजनाच्या पहिल्या ओळीचं, म्हणजे ऐनवेळी शोधायला सोपं. टॅब उभा धरला तर पडदा साधारण १५ बाय साडेतेवीस सेंटिमीटरचा होतो, शाळेच्या वहीपेक्षा रुंदीला किंचित कमी, आरामात वाचता येतं, आणि देवळात काकड्याला पहाटे जो अंधार असतो ना, तिथे तर वहीपेक्षा बरं कारण पान स्वतःच उजेड देतं.

पेडलचं वाचून मला हसू आलं, रागावू नका. वस्तू चांगली आहे, कीबोर्ड किंवा गिटारवाले स्टेजवर वापरतात, पाय दाबला की पान उलटतं. पण पेटी आपण मांडी घालून वाजवतो! एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, आणि पाय खाली दुमडलेले, पेडल दाबायला पाय आणायचा कुठून. त्यापेक्षा भजन एकाच पानावर बसवा. धृपद आणि पहिल्या अंतऱ्याचं नोटेशन पूर्ण लिहा, पुढच्या कडव्यांचे नुसते शब्द लिहा, चाल तीच असते, तुम्हाला पाठच असणार. पडदा मध्येच काळा होऊ नये म्हणून डिस्प्लेमध्ये स्क्रीन टाइमआउट आहे तो वाढवून ठेवा, अंतऱ्यावर आलात आणि पडदा गेला असं व्हायला नको.

आता हात दुखण्याचं. या टॅबचं नुसतं वजन ४८० ग्रॅम, त्यावर कव्हर आणि काच चढवली की पाऊण किलोच्या आसपास जातं. ते एका हाताने अंथरुणात धरून पेपर वाचायचा म्हणजे तरण्या माणसाचंही मनगट भरून येईल. तुम्हाला स्टँड पाहिजे, आणि तो नेमका मुलाच्या यादीत नाहीये. पण विकत घ्यायच्या आधी देवघरात बघा हो, पोथीची ठवणी असेलच. मी माझा टॅब आजीच्या ठवणीवर ठेवते, इतका छान कोन मिळतो की हजार रुपयांच्या ॲल्युमिनियमच्या स्टँडला मिळत नाही, आणि मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेला ती बरोबर येते कारण ती मुळात त्यासाठीच केलेली. टॅब सरकू नये म्हणून ड्रॉवरमध्ये अंथरतात त्या जाळीदार रबरी मॅटची पट्टी कापून ठवणीच्या खाचेत टाकायची. एक बारकावा, चार्जिंगचं भोक टॅबच्या आखूड बाजूला आहे, उभा ठेवला की ते खाली खाचेत जातं, म्हणून वायर लावायची असेल तर टॅब उलटा, डोकं खाली करून ठेवा, पडदा आपोआप फिरतो. (पोथीच्या ठवणीवर टॅब ठेवलेला घरात कुणाला खपणार नसेल तर सुताराकडनं दुसरी करून घ्या, किंवा तीन-चारशेचा घडीचा स्टँड घ्या, पण तो जड बुडाचा घ्या, हलक्याला ११ इंची टॅब पेलत नाही, टच केलं की मागे कलंडतो.)

स्टँडचा आणखी एक फायदा आहे. टॅब कपाटात असतो कारण तो महाग आहे, पडेल, धूळ बसेल. ठवणीवर पेटीशेजारी दिवसभर उभा असला तर येता जाता हात लागेल. नातीशी बोलायलाही बरं, नाहीतर व्हिडिओ कॉलवर अर्धं कपाळ आणि वरचा पंखाच दिसतो पोरीला.

कव्हर घ्या, पण घडीचं पातळ. झाकण मागे वळवून उभं करायची सोय असतेच, तेवढी पुरे. पोरांसाठीचे ते जाड फोमचे हँडलवाले कव्हर येतात, दिसायला खेळणं, पण खरं तर वयस्कर माणसांना धरायला तेच सगळ्यात सोपे, कुणाच्या हाताला कंप असेल तर लाज न बाळगता तेच घ्यावं. ऑर्डर करताना ए९ आणि ए९ प्लस यात गल्लत करू नका, ए९ हा ८.७ इंची छोटा टॅब आहे आणि प्लस ११ इंची, नावं इतकी सारखी आहेत की चुकीचं कव्हर येऊन परत करणारे लोक मी बघितलेत. सेटिंग्जमध्ये टॅबची माहिती उघडली की मॉडेल नंबर दिसतो, तुमच्या वायफायवाल्याचा एसएम-एक्स२१० असायला हवा, तो दुकानदाराला दाखवा. काचेच्या ऐवजी मॅट गार्ड लावा असं मी सांगेन, देवळात ट्यूब आणि समई दोन्ही पडद्यावर चमकतात, मॅटवर ते कमी होतं. रंग जरा फिके दिसतात, पण तुम्ही कुठे सिनेमे बघणार आहात. आणि हो, टॅब पडायची भीती जास्त असेल तर काचच बरी, मॅट फिल्म ओरखडे वाचवते, पडझड नाही.

चार्जिंगला रात्र लागते त्यात टॅबचा दोष नाही, चार्जर चुकीचा असणार. या टॅबच्या डब्यात नुसती वायर येते, चार्जर नाही, म्हणून तुम्ही घरातला कुठला तरी जुना चौकोनी लावत असाल. त्यावर बारीक अक्षरात ५ व्होल्ट १ ॲम्पियर लिहिलेलं असेल तर तो ५ वॉटचा. टॅबची बॅटरी ७०४० एमएएचची, ती ५ वॉटवर सहा-सात तास घेणारच. हाच टॅब १५ वॉट घेऊ शकतो, त्यावर तीन तासांच्या आत-बाहेर काम होतं. मुलाच्या जुन्या फोनचा १५ किंवा २५ वॉटचा चार्जर पडून असेल, तो मागा, झालं. २५ वॉटचा लावला तरी टॅब आपल्याला झेपेल तेवढंच घेतो, घाबरू नका. चार्जर सुधारला की पॉवर बँक लागत नाही, भजनाचा कार्यक्रम तीन तासांचा, बॅटरी तेवढी सहज पुरते. आणि १० हजार एमएएचची पॉवर बँक या टॅबला धड एकदाही पूर्ण भरत नाही, मधे बरीच वीज वाया जाते, तो आकडा छापील असतो.

लाईट गेली की सगळं बंद, हे मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं आणि याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. लाईट गेल्यावर टॅब चालूच असतो, बंद पडतो तो वायफायचा राउटर. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, विटेपेक्षा लहान डबा, राउटर आणि त्याच्या चार्जरच्या मध्ये लावायचा, दोन-तीन तास वायफाय चालतं. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९ ते बघायचं, आणि तुमच्याकडे फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असे दोन असतील तर दोघांनाही वीज लागते, एकालाच लावून उपयोग नाही. सांगलीकडे उन्हाळ्यात लाईटचा खेळ कसा चालतो ते तुम्हाला मी काय सांगू. तोवर मोबाईलचं हॉटस्पॉट आहेच.

मेमरी कार्ड घ्याच, ६४ जीबीतली बरीच जागा टॅबची स्वतःचीच असते आणि मंडळाच्या ग्रुपवर रोज चार कीर्तनं येऊन पडतात. १२८ जीबी पुष्कळ झालं. त्यात फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, पीडीएफ जातात, ॲप बहुतेक जात नाहीत, त्यामुळे कार्ड टाकल्यावर टॅब वेगाने पळेल अशी अपेक्षा नको. आणि स्वस्तातलं घेऊ नका. मी एकदा चारशे रुपयांत १ टीबीचं कार्ड ऑनलाइन घेतलं, टॅबमध्ये टाकलं तर दाखवायचं १ टीबीच, मी खूश, बहिणीच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाचं सगळं शूटिंग त्यात टाकलं. असल्या कार्डांत आत जागा असते थोडीशी, आकडा मात्र खोटा सांगायची करामत केलेली असते, जागा संपली की ती नवीन फाइल जुनीच्या डोक्यावर लिहितात किंवा लिहीतच नाहीत, आणि आपल्याला पत्ता नसतो. नावं सगळी दिसत होती, उघडलं की राखाडी चौकोन. औक्षणापर्यंत शूटिंग आहे, केक नाहीच. म्हणून बिल देणाऱ्या दुकानातून घ्या आणि घेतल्या घेतल्या मोठे व्हिडिओ टाकून पूर्ण भरून बघा, शेवटचा आणि पहिला दोन्ही चालले तर कार्ड खरं.

हब नको. त्यातून टीव्हीला चित्र जाईल असं मुलाला वाटतंय, पण तुमच्या टॅबच्या यूएसबी-सीतून चित्र बाहेर पडतच नाही, पेन ड्राइव्ह तेवढा चालेल. टीव्ही स्मार्ट असेल तर टॅबमधल्या स्मार्ट व्ह्यू या सोयीने बिनवायरीचं होतं.

स्पीकर? टॅबला स्वतःचे चार स्पीकर आहेत, तानपुरा लावून रियाज करायला घरात पुरतात. मोठा आवाज हवा तर टॅबला हेडफोनचं जुनं गोल भोक आहे, आजकाल दुर्मिळ झालंय ते, काकांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमला मागे ऑक्स लिहिलेलं भोक असेल तर शंभर-दीडशेची वायर आणा आणि लावा. वायरीला चार्जिंग नाही, पेअरिंग नाही, आवाज मागेपुढे नाही. ब्लूटूथवर ठेका लावून पेटी वाजवायला अडचण येत नाही कारण आपण ऐकू येतं त्यावर वाजवतो, पण पेटीच्या ॲपमधल्या पट्टीवर बोट ठेवून सूर शोधायला गेलात तर बोट आधी पडतं आणि सूर मागून येतो, वैताग येतो. शिवाय वायर लावायला काकांना बोलवावं लागेल, म्हणजे "आणि कशाला" म्हणणारे तेच बसतील ऐकायला.

राहिला कीबोर्ड. शाळेच्या आठवणी लिहायच्यात हे वाचून मला फार बरं वाटलं, पण कीबोर्ड आत्ता नको. मोबाईलवर आपण इंग्रजी अक्षरांत टाइप करतो आणि मराठी उमटतं, ती सोय बाहेरचा कीबोर्ड जोडला की पुष्कळदा मिळत नाही, आणि बाजारातल्या बहुतेक कीबोर्डांच्या बटणांवर देवनागरी छापलेली नसते. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टायपिंगची पद्धत, शिकलेला माणूस असेल तर त्याची गोष्ट वेगळी. तुम्ही जीबोर्ड या गूगलच्या टायपिंगच्या ॲपवर मराठी निवडा, माईक दाबा आणि बोला, तुम्ही वर्गात बोलायच्या तसं, तो बऱ्यापैकी बरोबर लिहितो. जोडाक्षरं आणि गावांची नावं चुकतील, विरामचिन्हं हाताने द्यावी लागतील, आणि पहिल्या दिवशी एकटीच बोलायला चमत्कारिक वाटेल. दोन महिन्यांत वीसेक पानं झाली आणि दुरुस्त्या करताना बोटं कंटाळली, तर मग कुणाचा तरी कीबोर्ड तासभर मागून आणून तुमच्याच टॅबला जोडून मराठी उमटतंय का बघा, आणि त्यानंतर घ्या.

आता मुलाचं. त्याला वाईट वाटेल ते नुसतं "काही नको रे" असं लिहिलंत तर, कारण आई काही नको म्हणते याचा अर्थ टॅबच नको असा तो घेणार. त्याला नेमकं काम द्या. मी तुमच्या वतीने मेसेज लिहून देते, तुमच्या भाषेत बदलून पाठवा:

"यादी बघितली बाळा. या टॅबला एस पेन चालत नाही आणि हबमधून टीव्ही लागत नाही, तू पण एकदा बघून घे. मला १२८ चं कार्ड बिलासकट, ए९ प्लसचं पातळ कव्हर आणि मॅट गार्ड, आणि राउटरचा यूपीएस एवढं घेऊन ये. कुरियर करू नको, स्वतः ये, वहीची ८४ पानं स्कॅन करायचीत आणि ते मला एकटीला होणार नाही. छोटीला पण आण. आणि तुझ्या जुन्या फोनचा चार्जर टाकून दिला नसशील तर तो विसरू नको."